डब्यावरचा रंग आणि बांधावरची पाखरे

कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर एक रंगीत त्रिकोण छापलेला असतो. तांबडा, पिवळा, निळा आणि हिरवा अशा चार रंगांवरून त्या औषधाचा जहालपणा शेतकऱ्याला कळावा, अशी 1968 चा कीटकनाशक कायदा व 1971 चे नियम यांची योजना आहे. प्रयोगशाळेतील निम्मे प्राणी ज्या मात्रेने दगावतात, त्या मात्रेवरून हा रंग ठरतो. औषध हाताळणाऱ्या माणसाच्या रक्षणासाठी ही खूण योग्यच होय. परंतु वायंगणाच्या पेरणीवेळी शेतात उतरणारे पारवे, चिखलातले किडे टिपणारे बगळे आणि बांधाआड वावरणारी मुंगसे यांचे पुढे काय होते, याचे उत्तर त्या त्रिकोणात सापडत नाही.

विष किती जहाल आहे हा एक प्रश्न, आणि ते जनावराच्या पोटात किती जाते हा दुसरा. या दोहोंची सांगड घातल्यावाचून धोक्याचा खरा अंदाज बांधता येत नाही. लहानसे दाणेखाऊ पाखरू दिवसाकाठी आपल्या वजनाच्या सुमारे पाव हिश्श्याइतके दाणे फस्त करते. त्या दाण्यांना औषध चोळलेले असेल तर एका दिवसात किती विष त्याच्या पोटात गेले, हे साध्या त्रैराशिकाने काढता येते. युरोपीय देशांत पाखरे व सस्तन प्राणी यांच्यासाठी हा हिशेब मांडण्याची रीतसर पद्धत असून 2009 च्या मार्गदर्शिकेची सुधारित आवृत्ती 2023 साली निघाली. निम्मे प्राणी मारणारी मात्रा ही एका दिवसात पोटात जाऊ शकणाऱ्या मात्रेच्या किमान दहापट असावी, असा तेथील प्राथमिक दंडक आहे. तेवढे अंतर न राहिल्यास अधिक बारकाईने तपास करावा लागतो.

असा हिशेब न मांडल्यास काय घडते, हे आपल्याच देशातील भरतपूरने दाखवून दिले आहे. तेथील केवलादेव उद्यानाच्या परिसरात 1987 ते 1990 या काळात 18 सारस पक्षी मृत्युमुखी पडले. उद्यानाभोवतालच्या शेतांत वाळवीपासून रक्षण व्हावे म्हणून आल्ड्रिन हे औषध वापरले जात होते, आणि तेच त्यांच्या जिवावर बेतले. सारसांबरोबर दाणे टिपणारे पारवे व होलेही मेले. सारसाला मारण्याची कोणा शेतकऱ्याची इच्छा नव्हती. आपले पीक वाळवीपासून वाचावे, एवढाच त्याचा हेतू होता.

विष दाण्यावाटेच जाते असेही नाही. अर्जेंटिनात 1995-96 च्या उन्हाळ्यात टोळांवर मोनोक्रोटोफॉस फवारले गेले आणि ते टोळ खाणारे, उत्तर अमेरिकेतून हिवाळा टाळून तेथे आलेले ससाण्याच्या जातीचे पक्षी हजारोंनी शेतांत पडले. आपल्याकडेही उंदरांसाठी ठेवलेल्या काही विषांचा अंश मेलेल्या उंदरात उरतो आणि तो उंदीर गिळणाऱ्या घुबडाला बाधतो. म्हणजे रोज रात्री फुकट उंदीर मारणारा शेतकऱ्याचा राखणदारच आपण गमावतो.

यावर कोणी म्हणेल की आमच्या शेतात मेलेली पाखरे दिसत नाहीत. हा युक्तिवाद फसवा आहे. लहान पाखराचे कलेवर कावळे, कुत्री, मुंगसे एक-दोन दिवसांत नाहीसे करतात. विष भिनलेले पाखरू पुष्कळदा झुडपात शिरून मरते. कलेवर दिसले नाही म्हणून मृत्यू घडला नाही, असे म्हणता येणार नाही.

शेतकऱ्याची बाजूही आम्ही जाणतो. मोर, रानडुकरे व गवे उभ्या पिकाची नासधूस करतात आणि मजुरी परवडत नाही, ही त्याची तक्रार खोटी नव्हे. मात्र त्यावर विषारी आमिष हा उपाय होऊ शकत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने विष घालून मारणे ही शिकारच मानली आहे. नुकसानीची भरपाई वेळेवर मिळाली तर त्या वाटेला जाण्याचा मोह शेतकऱ्याला होणार नाही, हे शासनाने ध्यानात घ्यावे.

आमचे मागणे मोठे नाही. औषध चोळलेले बी मातीखाली नीट झाकावे, सांडलेले दाणे उचलावेत आणि विषाने मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत, एवढे कृषी खात्याने प्रत्येक गावात समजावून सांगावे. कोठे पाखरे मरून पडली तर वन व पशुवैद्यक खात्यांनी त्यांची तपासणी करून निष्कर्ष जाहीर करावा. औषधाला परवाना देताना आपल्या शेतात उतरणारी पाखरे काय खातात आणि किती खातात, हेही विचारात घेतले जावे. पितृपक्षात कावळ्यासाठी पान वाढून ठेवणारा आपला समाज आहे. वर्षातून एकदा त्याची वाट पाहायची आणि उरलेले वर्षभर त्याच्या घासात विष मिसळू द्यायचे, हे आपल्याला शोभणारे नाही.