पहिल्या दोन तासांचे कागद

9 जून 2025, सोमवार. सकाळच्या कामावर जायच्या वेळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल शेजारशेजारच्या रुळांवरून एकमेकींजवळून गेल्या. एक सीएसएमटीकडे चाललेली, दुसरी उलट दिशेने. दोन्हींच्या दारांत लटकलेली माणसं एकमेकांना घासली आणि 13 जण खाली पडले. जखमींना आपल्या कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातही आणलं गेलं. चार जण त्याच दिवशी गेले, पुढे उपचार घेताना आणखी एक.

नंतर कित्येक महिने वाद चालला तो चूक कोणाची यावर. कोणी प्रवाशाच्या पाठीवरच्या बॅगेला दोष दिला, कोणी रुळांना. लोहमार्ग पोलिसांनी रेल्वेच्या दोन अभियंत्यांवर गुन्हाही नोंदवला. हा वाद जिथे व्हायचा तिथे होवो. मला बोलायचंय ते आपल्या वस्तीत अशा वेळी जे ऐकू येतं त्याबद्दल. मयताच्या दारात बसलेला एखादा काका हमखास म्हणतो, "दारात लटकला होता ना, मग आपलीच चूक. रेल्वे काय देणार?" आणि घरचे मान खाली घालतात. दावा तिथेच संपतो. वर्षभराने कोणीतरी सांगतं की शेजारच्या गल्लीत पैसे मिळाले, तेव्हा मुदत गेलेली असते.

कायदा त्या काकासारखा विचार करत नाही. रेल्वे अधिनियम 1989 मध्ये 124-अ हे कलम आहे. प्रवासी घेऊन जाणाऱ्या गाडीतून माणूस अपघाताने पडला तर चूक कोणाची हे न बघता रेल्वेने भरपाई द्यायची, असं ते सांगतं. अपवाद मोजके आहेत: आत्महत्या किंवा तसा प्रयत्न, स्वतःला मुद्दाम केलेली इजा, स्वतःच्या गुन्हेगारी कृत्यातून झालेली इजा, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेली कृती, आणि नैसर्गिक कारण किंवा आजार. दारात उभं राहणं या यादीत नाही. 9 मे 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रीना देवी प्रकरणात हे आणखी स्पष्ट केलं. गाडीत चढता-उतरताना पडणं यातच येतं, आणि प्रवाशाचा निष्काळजीपणा म्हणजे मुद्दाम करून घेतलेली इजा नव्हे. तुडुंब लोकलमधून दादरला पडलेल्या एका वृद्ध प्रवाशाला 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही भरपाई दिली. दिवा, मुंब्रा, कळवा इथून सकाळी साडेआठला गाडी पकडणाऱ्याला विचारा, दारात उभं राहणं ही हौस असते का म्हणून.

आता माझ्या कामाचा विषय. मी काही वर्षं कॅज्युअल्टीत नर्स होते. भरपाईची केस ट्रिब्युनलमध्ये सुरू होते असं लोकांना वाटतं. ती सुरू होते कॅज्युअल्टीच्या टेबलावर, रक्त थांबवण्याची धावपळ चालू असताना. रेल्वेचा, रस्त्याचा, मारामारीचा पेशंट आला की डॉक्टर एमएलसी करतात, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद. त्यात एक ओळ असते, हिस्ट्री. काय झालं, कुठे, किती वाजता, कोणी सांगितलं. "चालत्या लोकलमधून पडला" असं लिहिलं गेलं तर एक रस्ता उघडतो. "रेल्वे रुळावर जखमी अवस्थेत सापडला" एवढंच लिहिलं गेलं, किंवा कोणीतरी अंदाजाने "रूळ ओलांडताना" म्हणून सांगितलं, तर पुढे रेल्वेचा वकील तोच कागद पुढे करतो. कारण रूळ ओलांडताना गाडीची धडक बसणं 124-अ मध्ये धरलं जात नाही. एका ओळीचा फरक, आणि 8 लाखांचा.

ती ओळ बहुतेक वेळा घरचे सांगतच नाहीत. ते पोचायच्या आधी स्ट्रेचर ढकलत आलेला हमाल सांगतो, नाहीतर पोलीस. म्हणून घरचं पहिलं माणूस पोचलं की त्याने रडू आवरून डॉक्टरांना किंवा सिस्टरला विचारावं, हिस्ट्रीत काय लिहिलंय? पेशंट शुद्धीवर असेल तर त्याच्या तोंडून सांगू द्यावं. सोबत पडलेला किंवा पाहिलेला प्रवासी असेल तर त्याचं नाव आणि मोबाईल नंबर घ्यावा, तो पुन्हा सापडत नाही. केसपेपरचा फोनवर फोटो काढून ठेवावा, एमएलसी नंबर दिसेल असा.

जे घडलं तेच सांगा. रूळ ओलांडताना झालं असेल तर लोकलमधून पडला म्हणून सांगू नका. मोटरमन आणि गार्डचा मेमो, स्टेशन मास्तरची नोंद, सीसीटीव्ही, जखमांची जात हे सगळं पुढे येतं, आणि खोटं उघडं पडलं की वस्तीतल्या पुढच्या खऱ्या केसकडेही संशयाने बघतात.

दारूचं तसंच. "तोंडाला वास" एवढी ओळ केसपेपरवर असली तरी रेल्वे ती नशेचा पुरावा म्हणून मांडते. माणूस प्यायलेला नसेल तर लगेच सांगा आणि रक्ताचा नमुना घ्या म्हणून विनंती करा. स्पिरिट आणि कपड्यांच्या वासाने भरलेल्या खोलीत नुसत्या नाकावर निकाल लागू नये.

तिकिटाचा प्रश्न सगळ्यांना सतावतो. खिसा फाटलेला, पाकीट रुळावर, पास गायब. रीना देवी निकालात हेही आलंय: नुसतं तिकीट सापडलं नाही म्हणून तो प्रवासी नव्हता असं होत नाही. दावा करणाऱ्याने प्रतिज्ञापत्रावर हकिकत मांडायची, मग ती खोडून काढणं रेल्वेवर येतं. तरी पुरावा जमवाच. जुने पास घरात पडलेले असतात, ते फेकू नका. तिकीट मोबाईलवर काढत असेल आणि मोबाईल फुटला असेल तर त्याच नंबरचं सिम पुन्हा घ्या. कामाच्या ठिकाणचं हजेरीपत्रक दाखवतं की तो रोज कुठून कुठे जायचा.

रक्कम किती? मृत्यूला 8 लाख. हा दर 1 जानेवारी 2017 पासून आहे, त्याआधी 1997 पासून 4 लाख होता. या रकमेला पगाराशी देणंघेणं नाही. सफाई कामगार असो की बँकेतला साहेब, रेल्वेच्या तक्त्यात दोघांचा जीव एका किमतीचा. रस्ता अपघातात तसं नसतं, ते पुढे येतंच. जखमींसाठी तक्ता आहे आणि तो वाचताना मला आमच्या ऑर्थोपेडिक वॉर्डाची आठवण होते, कारण त्यात हात किंवा पाय कुठल्या उंचीवर कापला, खुंट किती इंच उरला, यावर रक्कम ठरते. दोन्ही हात गेले तर 8 लाख, त्याखाली पायरीपायरीने कमी. म्हणून डिस्चार्ज कार्डावर नुसतं "पाय कापला" नको. गुडघ्याच्या वर की खाली, कुठपर्यंत, कुठलं हाड कुठे मोडलं, एका पायात की दोन्ही, हे स्पष्ट हवं. घरी जायच्या दिवशी बिलाच्या गडबडीत कोणी ते वाचत नाही. वाचा. अपुरं असेल तर डॉक्टर दुरुस्त करून देतात. सहा महिन्यांनी तेच डॉक्टर बदलून गेलेले असतात.

दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात करायचा. मुदत अपघातापासून 1 वर्ष. उशीर झाला तर योग्य कारण दाखवून माफी मागता येते, पण त्या आशेवर राहू नका. लागणारे कागद: ठाणे लोहमार्ग पोलिसांकडचा पंचनामा आणि जबाब, मृत्यू असेल तर शवविच्छेदनाचा अहवाल व मृत्यूचा दाखला, उपचाराचे कागद, नात्याचा पुरावा.

नात्यावर आपल्या घरांत गाडी अडते. विहारात मंगल परिणय झाला, फोटो आहेत, नोंदणी मात्र राहिली. त्यात आडनावांचे घोटाळे. शाळेच्या दाखल्यावर जुनं आडनाव, आधारवर बदललेलं, रेशनकार्डावर तिसरंच. विधवा बाई खिडकीसमोर उभी राहून आपणच त्याची बायको असल्याचं पटवत असते. लग्नाची नोंदणी महापालिकेत करून घ्या, झालेली नसेल तर आता. आडनाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत मुलांच्या जन्मदाखल्यांसोबत एकाच पिशवीत ठेवा.

रस्त्यावरचा अपघात वेगळ्या दारात जातो, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. ठाण्यालाच आहे. 2019 च्या दुरुस्तीने तिथे 6 महिन्यांची मुदत घातलीय, ती 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे, तेव्हा तेरावं-चौदावं करत बसू नका. इथे कमाई बघतात, आणि नाक्यावरच्या मजुराकडे पगाराची चिठ्ठी नसते. मुकादमाचा जबाब, बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड, बँकेतल्या नोंदी कामाला येतात. घरी राबणाऱ्या बाईच्या कामालाही किंमत धरायची, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये पुन्हा सांगितलं. अपंगत्वाच्या दाखल्यावर टक्के असतात, पण 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालानंतर बघायचं असतं की त्या माणसाच्या पोटापाण्यावर काय परिणाम झाला. हमालाचा गुडघा आणि कारकुनाचा गुडघा एक नव्हे. गाडी ठोकून पळून गेली आणि सापडलीच नाही, तर मृत्यूला 2 लाख आणि गंभीर जखमेला 50 हजार मिळतात. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात.

आणि पासबुक काढून बघा. मेच्या अखेरीस 20 रुपये कापलेले दिसतात का? ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. खातेदार अपघाताने गेला तर 2 लाख. रूळ ओलांडताना गेलेल्यांच्या घरीही हे कागद बँकेत न्यायचे राहून जातात, कारण कोणाला माहीतच नसतं की पैसे कापले जात होते.

इस्पितळाच्या गेटबाहेर, शवागाराच्या पायरीवर माणसं भेटतील. "सही करा ताई, सगळं आम्ही बघतो." कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर, बँकेच्या नव्या खात्याच्या फॉर्मवर सही करू नका. पाटण्याच्या खंडपीठातल्या रेल्वे दाव्यांमध्ये वारसांच्या खात्यात आलेले पैसे वकिलांनी वळवल्याचे आरोप झाले आणि तपास ईडीपर्यंत गेला. बाहेर टक्केवारीवर वकील लावायची गरजही नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 प्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसाला उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. 1990 पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, तेव्हा जातीचा दाखला इथेही चालतो. बाईला आणि अपंग व्यक्तीला तर दाखल्याशिवायही हा हक्क आहे. ठाण्याला कोर्ट नाक्यावर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, फोन 15100. जाताना आधार, केसपेपर किंवा डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स आणि पोलीस ठाण्याचा नोंद क्रमांक घेऊन जा. मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका, वकिलाच्याही नाही. बघायला द्या आणि परत पिशवीत टाका.