मोती कोणत्या सुरात भुंकतोय?

बीडच्या गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याहून एका वाचकाचा प्रश्न आलाय: ‘आमचा मोती दिवसा गरीब, पण हल्ली मध्यरात्री एकदम उठतो आणि भुंकतच सुटतो. काय करावं?’

बीडकडच्या माणसाला हा प्रश्न नुसता झोपमोडीचा नाही. 2024 च्या पावसाळ्यात तिथं रात्री ड्रोन घिरट्या घालू लागले, तेव्हा गावकऱ्यांनी चोरांच्या धास्तीनं रात्री जागून काढल्या. शिवाय माणसाला 20,000 हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला साधारण 45,000 पर्यंतचा. आपल्याला शांत वाटणारी रात्र मोतीला शांत असेलच असं नाही.

मग तो काय सांगतोय? 2002 साली जपानच्या टाकारा कंपनीनं भुंकण्याचा अर्थ लावणारं यंत्र काढलं. त्याला गमतीचं ‘इग नोबेल’ मिळालं आणि जगभर बातम्या झाल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात सोफिया यिन या पशुवैद्य बाईंनी सहा जातींच्या दहा कुत्र्यांचं 4,672 वेळा भुंकणं ध्वनिमुद्रित करून तपासलं, त्याची मात्र फारशी बातमी झाली नाही. दाराची घंटा वाजली की भुंकणं खालच्या पट्टीतलं, खरखरीत, मध्ये उसंत नसलेलं. मालकापासून तोडून एकटं ठेवलं की उंच, स्वच्छ सुराचं, सुटंसुटं. भुंकणं म्हणजे नुसता गोंगाट, हा समज त्यांनी मोडला. आता ‘एआय’वाली अ‍ॅपं भुंकण्याचा हा अर्थच विकतात. पैसे वाचवा, कान द्या.

आवाज उंच आणि सुटा असेल, तर मोती एकटा पडलाय. दिवाळीच्या आगेमागे घरातला कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, ऊसतोडीला गेला की मागं राहिलेली कुत्री अशी भुंकली तर नवल नाही. त्याला माणूस हवा.

खरखरीत असेल, तर काहीतरी आलंय. कॅथरिन लॉर्ड, फाइनस्टाइन आणि कॉपिंजर या संशोधकांनी 2009 मध्ये मांडलं, की घुबड दिसल्यावर कावळे कालवा करतात त्याच जातीचं हे वागणं: पळताही येत नाही, भिडवतही नाही. साखळीला बांधलेल्या कुत्र्याची गत तर कायमच अशी. त्यात आपण ‘ए गप!’ म्हणून ओरडलो, की त्याला वाटतं घरचेही सामील झाले! त्याऐवजी त्याला आत घ्या, बाहेरचं दिसणार नाही असं बसवा, आणि तो थांबला की त्याच क्षणी भाकरीचा तुकडा द्या.

आत घ्यायला आणखी एक कारण आहे: बिबट्या. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्यांची विष्ठा तपासली, तेव्हा त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबानं 39 टक्के वाटा कुत्र्यांचाच निघाला. अंगणात बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्यासाठी वाढून ठेवलेलं ताट.

काहीच आलेलं नसेल, तर कान आणि गोचीड बघा. म्हातारी कुत्री रात्री भ्रमिष्टासारखीही भुंकतात.

एका बाबतीत मात्र प्रयोग नकोत. आवाज अचानक घोगरा झाला, लाळ गळू लागली, समोर येईल त्याला चावायला लागला, तर जवळ जाऊ नका. रेबीजची शंका धरून जनावरांच्या डॉक्टरांना कळवा. कुणाला चावला असेल, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस घ्या.