गाण्यातली रिकामी जागा

परवाचीच गोष्ट. शाळेत स्नेहसंमेलनाची तयारी चालली होती. मी अर्धवेळ शिकवते, त्यामुळे असली जास्तीची कामं हक्कानं माझ्याकडे येतात! सहावीच्या मुली गीतरामायणातल्या एका गाण्यावर नाच बसवत होत्या. दुसरं कडवं संपलं आणि मी एकदम हात वर केला. मुली थांबल्या. "बाई, काय चुकलं?"

काहीच चुकलं नव्हतं. गाणं पुढे चाललंच होतं. मीच वेडी, तिथे शांततेची वाट बघत होते. कारण माझ्या कानात हे गाणं दुसऱ्या कडव्यानंतर थांबतं!

त्याचं असं आहे. माझं माहेर पेण तालुक्यातलं जोहे. हमरापूर, कळवे, जोहे ही आमच्याकडची गणपतीच्या कारखान्यांची गावं. इथल्या मूर्ती मुंबई-पुण्याला जातात, परदेशातही जातात. बाबा डोळ्यांची आखणी करत. कारखान्यात दिवसभर टेपरेकॉर्डर चालू असे आणि गीतरामायणाच्या कॅसेटी बाबांच्या खास आवडीच्या. ग. दि. माडगूळकरांची आणि सुधीर फडक्यांची ही ५६ गाणी पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर, आठवड्याला एक अशी लागत. त्या वेळी लोक रेडिओला हार घालत, असं जुनी माणसं सांगतात. बाबांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. त्यांनी ती ऐकली ती कॅसेटवरच.

पण डोळे आखायला घेतले की ते टेप बंद करत. आम्ही मुलं दंगा करत असलो तर एवढंच म्हणत, "गप. बाप्पा डोळे उघडतोय."

मी दहा वर्षांची असेन. एका दुपारी त्यांनी बारीक ब्रश माझ्या हातात दिला आणि एका छोट्या मूर्तीचा उंदीर पुढे ठेवला. मी ब्रश टेकवणार, तेवढ्यात त्यांनी हात लांब करून टेप बंद केला. मी हसले. "बाबा, उंदीर तर आहे!" ते म्हणाले, "उंदराचेसुद्धा डोळेच ते." दोन ठिपके द्यायला मला किती वेळ लागला कोण जाणे! मग खट्‌कन बटण दाबलं आणि गाणं तिथूनच पुढे सुरू झालं.

बाबांना जाऊन आता पाच वर्षं झाली. आईनं टेप आणि कॅसेटी कपाटात ठेवून दिल्या. कारखाना भाऊ बघतो. त्याच्या मोबाइलवर चुकून गीतरामायण लागलं तरी आई म्हणायची, "बंद कर रे ते," आणि मागच्या दारी निघून जायची. भावाला ते खटकायचं. "बाबा काय फक्त तिचेच होते?" असं तो एकदा मला म्हणालाही. दोघांचं खरंच होतं. मी कुणाची बाजू घेणार?

गेल्या श्रावणात मी माहेरी गेले होते. कामाची घाई. आई उंबऱ्याशी भाजी निवडत बसलेली. भाऊ रंगवत होता, मोबाइलवर गाणी चालू होती आणि त्यातच गीतरामायण लागलं. आई उठायला लागली. तेवढ्यात भावानं गाणं बंद केलं. आईसाठी नाही, त्याला डोळे आखायचे होते. भाची म्हणाली, "पप्पा, बंद का केलं?" तो मान वर न करता म्हणाला, "गप. बाप्पा डोळे उघडतोय."

आई पुन्हा खाली बसली. डोळे आखून झाल्यावर तीच म्हणाली, "लाव आता. अर्ध्यावर ठेवू नको."

मानसशास्त्रज्ञ सांगतात की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत ठसठशीत राहतात आणि त्या वयातली गाणी त्यांना चटकन ओढून आणतात. पण रोज कानावर पडणारं गाणं हळूहळू नुसतं गाणं उरतं. फार दिवसांनी ऐकलेलं मात्र आपल्याबरोबर ती दुपार, तो रंगाचा वास, ते माणूस घेऊनच येतं. म्हणून ते आनंद देतं, आणि म्हणूनच कधी सोसतही नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या सासूबाईंना, आईला, आत्याला त्यांचं गाणं विचारा. आमच्या भागात आगरी लग्नात धवलारीण धवले म्हणते. एखाद्या आजीला त्यांतलाच एखादा आठवेल. वहीत गाणं लिहा आणि शेजारी त्याची आठवणही लिहा. मात्र कुणी "आज नको" म्हणालं, तर आग्रह करू नका. आई अजूनही कधीकधी तसं म्हणते. मग भाऊ दुसरं काहीतरी लावतो.

आणि हो, आमच्या मुलींचा नाच छान बसलाय. दुसऱ्या कडव्यानंतर मी आता हात वर करत नाही. पण थांबते मात्र, मनातल्या मनात.