ड्रेफस प्रकरण आणि ‘बुद्धिजीवी’ या संज्ञेची घडण

आधुनिक युरोपच्या इतिहासातील वळणे सांगताना १७८९, १८४८, १९१७ या वर्षांचा उल्लेख हटकून होतो. १८९८चा सहसा होत नाही. त्या वर्षी फ्रान्समध्ये कोणतेही सिंहासन उलथले नाही. तथापि लेखक आणि सत्ता यांच्या नात्याचा विचार करणाऱ्या अभ्यासकाला हे वर्ष ओलांडून पुढे जाता येत नाही. सार्वजनिक प्रश्नात हस्तक्षेप करणारा विद्वान वा लेखक, या अर्थाने ‘बुद्धिजीवी’ ही संज्ञा फ्रेंचमध्ये याच वर्षी रूढ झाली. ज्या वादातून ती रूढ झाली तो मुळात एका हस्तलिखिताच्या कर्तृत्वाचा वाद होता, ही गोष्ट मात्र विसरली जाते. पाठचिकित्सेशी ज्यांचा संबंध येतो त्यांनी तरी ती विसरू नये.

१८९४च्या सप्टेंबरमध्ये पॅरिसच्या जर्मन वकिलातीतून फ्रेंच हेरखात्याच्या हाती एक फाटका, बिनसहीचा कागद आला. पुरवावयाच्या लष्करी माहितीची ती यादी होती. अक्षराच्या साम्यावरून आल्फ्रेड ड्रेफस या ज्यू कॅप्टनवर संशय घेण्यात आला. हस्ताक्षरतज्ज्ञांत एकमत नव्हते. पोलिसांच्या ओळखतपासणी विभागाचा प्रमुख बेर्तियों याने तर ड्रेफसने स्वतःच्याच अक्षराची नक्कल केली, असा सिद्धान्त मांडला. म्हणजे साम्य दिसले तर तो पुरावा, आणि भेद दिसला तर तोही पुरावा! बचावपक्षाला न दाखविलेले काही कागद न्यायाधीशांना गुपचूप देण्यात आले. डिसेंबरमध्ये ड्रेफसला जन्मभराची हद्दपारी झाली.

१८९६मध्ये हेरखात्याचा नवा प्रमुख पिकार याला तेच अक्षर एस्तरहाझी नावाच्या अधिकाऱ्याच्या पत्रांत आढळले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये ‘ल माताँ’ या वृत्तपत्राने यादीची प्रतिकृती छापली आणि कागद लोकांसमोर आला. तरीही ११ जानेवारी १८९८ रोजी लष्करी न्यायालयाने एस्तरहाझीला निर्दोष सोडले. दोनच दिवसांनी ‘लोरोर’मध्ये एमिल झोलाचे राष्ट्राध्यक्षांना उद्देशून लिहिलेले अनावृत पत्र प्रसिद्ध झाले. ‘मी आरोप करतो’ या अर्थाचा त्याचा मथळा संपादक क्लेमांसो याने सुचविलेला होता. या पत्राचे गुणगान पुष्कळ झाले आहे. पण त्यात चूकही आहे. बनावट पुरावा रचणारा अधिकारी आंरी याचे नाव झोलाच्या आरोपांच्या यादीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून फेरविचाराची मागणी करणारी निवेदने छापली जाऊ लागली. त्यांवर आनातोल फ्रान्स, तरुण मार्सेल प्रूस्त यांच्यासारखे लेखक तसेच अनेक प्राध्यापक व शास्त्रज्ञ यांच्या सह्या होत्या. पुष्कळांनी नावापुढे आपल्या पदव्याही लिहिल्या होत्या. क्लेमांसोने त्यांचा ‘बुद्धिजीवी’ म्हणून गौरव केला, तर कादंबरीकार बारेसने १ फेब्रुवारीच्या लेखात तोच शब्द हेटाळणीने वापरला. ज्यांची हेटाळणी झाली त्यांनी तो बिरुदासारखा मिरविला.

समीक्षक ब्रुनतिएरचा आक्षेप अधिक गंभीर होता. एका शाखेतील पांडित्यामुळे भलत्याच विषयात बोलण्याचा अधिकार कसा प्राप्त होतो, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. समाजशास्त्रज्ञ दुर्कहाईमने त्याच वर्षी उत्तर दिले: सह्या करणारे पांडित्याच्या जोरावर विशेषाधिकार मागत नसून माणूस म्हणून बोलत आहेत, व्यक्तीच्या हक्काचा प्रश्न ही कोणा एका शाखेची मालमत्ता नव्हे.

मला स्वतःला मात्र झोलावरील खटल्यात दिलेले उत्तर अधिक मोलाचे वाटते. हस्तलिखितांच्या अभ्यासासाठी ख्यातनाम असलेल्या ‘एकोल दे शार्त’चा संचालक पॉल मेयर आणि त्याचे सहकारी तेथे साक्षीला उभे राहिले. मध्ययुगीन पोथ्या वाचणारी ही माणसे अक्षराविषयी बोलत होती, म्हणजे आपल्या शाखेतच होती. ती मूळ कागदावरून नव्हे, प्रतिकृतीवरून बोलत आहेत, हा विरोधकांचा मुद्दा होता. पद्धतीच्या दृष्टीने तो क्षुल्लक नव्हता. परंतु मूळ कागद त्यांना पाहू दिला गेला नव्हता.

आपला ‘बुद्धिजीवी’ हा शब्द ‘श्रमजीवी’च्या धर्तीचा, तो उपजीविका सांगतो. ‘विचारवंत’ गुण सांगतो. १८९८च्या फ्रेंच शब्दातील हस्तक्षेपाची कृती या दोहोंच्या व्युत्पत्तीत नाही, आणि म्हणून आपल्या वादांत हे शब्द निसटते राहतात.

झोलाला एक वर्षाची कैद व तीन हजार फ्रँक दंड झाला. तो इंग्लंडला निघून गेला. १८९८च्या ऑगस्टमध्ये एका लष्करी अधिकाऱ्याने दिव्याच्या उजेडात ड्रेफसविरुद्धचा निर्णायक मानलेला कागद तपासला, तेव्हा जोडलेल्या तुकड्यांवरील रेघांचे रंग जुळेनात. आंरीने बनावटीची कबुली दिली व दुसऱ्याच दिवशी आत्महत्या केली. तरीही १८९९च्या फेरखटल्यात ड्रेफस पुन्हा दोषी ठरला. त्याला मिळाली ती केवळ माफी. पुढे बेर्तियोंच्या सिद्धान्ताची तपासणी दार्बू, आपेल आणि प्वँकारे या तीन गणितज्ञांकडे गेली. त्यात संभाव्यतेच्या गणिताचा अशास्त्रीय वापर झाल्याचे त्यांनी १९०४मध्ये दाखवून दिले. जुलै १९०६मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली. झोला त्यापूर्वीच, १९०२मध्ये, वारला होता.