पाळीचं प्रमुखपद

सोमवारी साडेदहाला विभागात वर्कलोडची मीटिंग आहे. विभागप्रमुख मॅडम मात्र शनिवारपासूनच कामाला लागल्या आहेत. ज्येष्ठ सरांच्या केबिनमध्ये जाऊन त्या चहा घेऊन आल्या, दोघा तरुण सहकाऱ्यांना फोन झाले. टाइमटेबलचा कच्चा कागद त्यांनी मुद्दाम पेन्सिलीने लिहिला आहे. तो खोडता येतो, हे समोरच्याला दिसायला हवं.

विद्यापीठातल्या विभागप्रमुखाच्या हाती तसं फारसं काही नसतं. मंजूर पदांचा पगार शासनाकडून येतो, नेमणूक निवड समितीच्या शिफारशीने होते. पद पाळीने फिरतं. कालचे प्रमुख आज त्याच टेबलाशी बसलेले असतात आणि उद्याचेही. तिथे हुकूम चालत नाही.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास शिकवायचं, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकांनी १४. आकडे सरळ आहेत, वाटणी अवघड. त्यात नव्या शैक्षणिक धोरणाने एम.ए.ला ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग) आणली: संस्थांशी पत्रव्यवहार, मुलांच्या हजेऱ्या, अहवाल. तासांच्या हिशेबात न मावणारं काम. मागे एकदा ते विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका ओळीच्या सूचनेने वाटलं गेलं. खाली कुणी ‘ओके’सुद्धा लिहिलं नाही आणि दोन सहकारी वर्षभर एकमेकांशी फक्त कागदोपत्री बोलत राहिले.

सोमवारी मीटिंगमध्ये ओजेटीच्या वाटणीत मॅडम आधी स्वतःचं नाव लिहितात. “दहा मुलं माझ्याकडे. सर, तुमच्या ओळखीच्या त्या ग्रंथालयात चौघांची सोय होईल?”

“बघतो.”

“बघतो नको सर. लिहू का?”

ज्येष्ठ सर हसतात. “लिहा.”

बरोबरीच्या माणसांनी मिळून शिकवण्याची संस्था चालवायची, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. १८८४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद सारख्याच दर्जाने काम करत. टिळक आणि आगरकर तर कॉलेजपासूनचे जिवलग. तरीही सभासदांच्या बाहेरच्या कमाईसारख्या प्रश्नांवरून मतभेद विकोपाला गेले आणि १८९० मध्ये टिळक सविस्तर राजीनामा लिहून बाहेर पडले. एवढी मोठी माणसं, एवढी मैत्री, आणि तरी बोलणं तुटलं. म्हणून तर शनिवारच्या त्या चहाचं मोल मोठं आहे.

दाराजवळच्या खुर्चीत सी.एच.बी.चे, म्हणजे तासिका तत्त्वावरचे, सर बसले आहेत. तासावर मानधन, सुट्टीत तेही नाही. टाइमटेबलमध्ये सगळ्यांची सोय लागल्यावर उरलेले तास बहुधा अशांच्या वाट्याला येतात, तेही न विचारता. विभागातल्या संवादाची खरी परीक्षा या खुर्चीपाशी होते.

“सर, तुमचे तास सोमवार-मंगळवार एकत्र लावू? म्हणजे दुसऱ्या कॉलेजला जाता येईल.”

ते क्षणभर गोंधळतात. मग हळूच म्हणतात, “मॅडम, तिथे मंगळवारीच आहे.”

मॅडम कागद आणि पेन्सिल त्यांच्यापुढे सरकवतात. ते मंगळवारचे दोन तास खोडून बुधवारी लिहितात. तिथे ज्येष्ठ सरांचा तास आहे. तोही आता हलवावा लागणार. बाराला संपायची मीटिंग दीडला संपते.