जमाखर्चाचे आकडे आणि त्यांचा अर्थ

जमाखर्च ठेवणें हें आपल्या शेतकरी वर्गास नवें नाहीं. रोजकीर्द, खतावणी व ताळेबंद हे शब्द ज्यास ठाऊक नाहींत असा सहकारी संस्थेचा सभासद विरळाच. तथापि वहींतील आकडा बरोबर असणें निराळें आणि त्या आकड्याचा अर्थ वाचणारास बरोबर कळणें निराळें, हा भेद पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. केंद्र सरकारनें २०२२ सालीं ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटि रुपयांची योजना मंजूर केली. तेव्हांपासून गांवोगांवच्या संस्थांचीं दप्तरें कागदावरून यंत्रांत जाऊं लागलीं आहेत. अशा वेळीं हा भेद समजून घेणें अगत्याचें असल्यामुळें त्याचा विचार येथें करण्याचें आम्ही योजिलें आहे.

समजा, एका वहींत ‘खत १२,४००’ इतकेंच लिहिलें आहे. हे रुपये कीं किलो? ही खरेदी कीं विक्री? यांत वाहतूक व कर धरले आहेत काय? माल रोखीनें गेला कीं उधारीवर? ज्या गुमास्त्यानें ही नोंद केली तो जवळ बसला आहे तोंवर अडचण पडत नाहीं. त्यास विचारलें कीं तो सांगतो. म्हणजे अर्थ वहींत नसून गुमास्त्याच्या डोक्यांत आहे. तो गांव सोडून गेला कीं अर्थही त्याच्याबरोबर गेला! यंत्राची गोष्ट याहून बिकट आहे. यंत्र बेरजेंत चुकत नाहीं, परंतु शंकाही विचारीत नाहीं. रुपयांत किलो मिळविण्यास सांगितलें तरी तें बिनतक्रार मिळवील आणि उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत छापून देईल.

आपल्या नेहमींच्या शब्दांतही हा घोटाळा भरलेला आहे. ‘एकरीं उत्पन्न’ म्हटलें म्हणजे आपण पिकाचें वजन समजतों. ‘वार्षिक उत्पन्न’ म्हटलें म्हणजे पैसा समजतों. आणि तो पैसाही खर्च वजा जातां कीं वजा न जातां, हें बोलणाराच्या मनावर राहतें. कापसाची ‘गांठ’ घ्या. आपल्याकडे गांठ १७० किलोंची धरतात, तर अमेरिकेच्या सरकारी आंकडेवारींतील गांठ ४८० पौंडांची, म्हणजे सुमारें २१८ किलोंची असते. म्हणून आपल्या १०० लक्ष गांठी त्यांच्या हिशेबानें ७८ लक्षच भरतात. दोन्ही आकडे खरे आहेत. पण जो व्यापारी वा शेतकरी ते एकमेकांशेजारीं ठेवून बाजाराचा अंदाज बांधील तो फसल्यावांचून राहणार नाहीं.

उंसाच्या दराचें उदाहरण तर आपल्या खिशाशींच निगडित आहे. २०२४-२५ च्या हंगामासाठीं केंद्र सरकारनें १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३४० रुपये, म्हणजे टनास ३,४०० रुपये, असा रास्त व किफायतशीर दर ठरविला होता. परंतु ‘दर ३,४००’ एवढ्यावरून सभासदाच्या हातीं काय पडेल हें कळत नाहीं. उतारा याहून अधिक असल्यास दर वाढतो. आपल्या राज्यांत तोडणी व वाहतूक यांचा खर्च त्यांतून वजा होतो. शिवाय उतारा कोणत्या हंगामाचा धरावयाचा, गेल्या कीं चालू, हाही प्रश्न उरतो. चालू हंगामाचा उतारा धरून अंतिम दर काढण्याचा राज्य शासनाचा २०२२ सालचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयानें २०२५ सालीं रद्द केला. एका शब्दाचा अर्थ कोणता, यावर केवढी रक्कम अवलंबून असते हें यावरून दिसून येईल.

आतां प्रश्न असा कीं, आकड्यास अर्थ जोडावयाचा म्हणजे काय करावयाचें? दुहेरी नोंदीची जी पद्धति १४९४ सालीं लुका पाचोली यानें व्हेनिस येथें छापविलेल्या ग्रंथांत वर्णिली आहे, तिनें जमा व नांवें या दोन बाजू जुळविण्याची उत्तम सोय केली. परंतु खात्याचें नांव व रक्कम यांपलीकडे तिच्या ताळेबंदांत फारसें कांहीं उरत नाहीं. अमेरिकेंतील विल्यम मॅक्कार्थी या हिशेबशास्त्राच्या अध्यापकानें १९८२ सालीं असें मांडलें कीं, प्रथम नोंद करावी ती रकमेची नव्हे, तर घडलेल्या व्यवहाराची. कोणती वस्तु हालली, कोणती घटना घडली आणि ती कोणाकोणांमध्यें घडली, हीं तीन अंगें टिपून ठेवावीं. शिवाय प्रत्येक देण्यास त्याचें घेणें जोडलेलें असावें. संस्थेनें सभासदास युरियाचीं पोतीं दिलीं ही एक घटना. त्यानें पुढें पैसे भरले ही तिची जोडघटना. दोन्ही अशा रीतीनें टिपल्या म्हणजे उधारी किती, साठा किती, कोणत्या सभासदानें किती माल नेला, हें सर्व त्याच नोंदींतून हवें तेव्हां काढतां येतें.

दुसरा मार्ग तयार अहवालांतील आकड्यांस चिठ्ठी लावण्याचा. वॉशिंग्टन राज्यांतील चार्ल्स हॉफमन या हिशेबनिसानें १९९८ सालीं हा प्रयत्न आरंभिला, आणि त्यांतून ‘एक्सबीआरएल’ या नांवाची अहवाल लिहिण्याची यंत्रभाषा निघाली. भारतांतही कंपनी व्यवहार मंत्रालयानें २०१०-११ या आर्थिक वर्षापासून कांहीं वर्गांतील कंपन्यांस आपले वार्षिक हिशेब या भाषेंत सादर करणें सक्तीचें केलें. हिच्यांत एकटा आकडा कोठेंच नसतो. त्याच्यासंगें हा आकडा कशाचा, कोणत्या संस्थेचा, कोणत्या तारखेचा वा मुदतीचा, कोणत्या एककांत आणि किती अचूक, या पांच गोष्टी बांधलेल्या असतात. तारीख व मुदत यांतील भेद लक्षांत घेण्याजोगा आहे. हातशिल्लक ही एका तारखेची असते, विक्री ही एका मुदतीची असते. म्हणून दोहोंची बेरीज करणें निरर्थक होय. या भाषेबरोबर संज्ञांचा एक कोशही असतो. प्रत्येक संज्ञेची व्याख्या, ती जमेकडील कीं नांवेकडील, कोणत्या रकमा मिळून कोणती बेरीज होते, हें त्यांत दिलेलें असतें. आणि एकाच संज्ञेस निरनिराळ्या भाषांतील नांवें देण्याचीही सोय असते. नांव मराठींत असो वा इंग्रजींत, अर्थ एकच राहतो.

या कोशाचा खरा उपयोग अनेक वह्यांवरून एक निष्कर्ष काढावयाच्या वेळीं होतो. मोठमोठ्या पेढ्यांत कच्च्या नोंदी व अहवाल यांच्या मध्यें अर्थाचा एक थर ठेवितात. ‘विक्री’ म्हणजे काय हें तेथें एकदांच लिहिलेलें असतें आणि प्रत्येक अहवाल तेथूनच अर्थ घेतो. आपल्या संस्थांत याची निकड ‘थकबाकी’ या एका शब्दावरून पटेल. एका तक्त्यांत मुदत टळलेलें मुद्दलच धरलें, दुसऱ्यांत व्याजही धरलें, तिसऱ्यांत मुदत न टळलेलें कर्जही मिळविलें, तर एकाच दिवशीं तीन थकबाक्या निघतील. हा केवळ कारकुनी वाद नव्हे. थकबाकीदार ठरलेला सभासद संस्थेच्या समितीवर निवडून येण्यास अपात्र होतो, आणि मुदतींत फेड करणारास मिळणारी व्याजाची सवलतही तो गमावतो. ज्यानें वेळेवर पैसे भरले, त्यास चुकीच्या अर्थामुळें या पंक्तींत बसविलें गेलें तर त्याचें नुकसान कोण भरून देणार?

मात्र चिठ्ठी लाविली म्हणजे सर्व साधलें, असा समज कोणी करून घेऊं नये. चिठ्ठीच चुकीची असेल तर चूक अधिक वेगानें व अधिक दूर पसरते. वजा रक्कम अधिक म्हणून भरणें, लक्षांत भरावयाची रक्कम हजारांत भरणें, हे दोष अशा अहवालांत वारंवार आढळले आहेत. तसेंच जो तो आपल्या सोयीच्या नव्या संज्ञा काढूं लागला तर कोश असूनही दोन संस्थांची तुलना होत नाहीं. आणि खोट्या नोंदीस खरा अर्थ देण्याचें सामर्थ्य तर कोणत्याही यंत्रांत नाहीं.

यास्तव आमच्या वाचकांस आमची अशी सूचना आहे. जुनें दप्तर यंत्रांत भरण्यापूर्वीं संस्थेच्या समितीनें नेहमींच्या पंचवीस-तीस शब्दांचें एक अर्थपत्रक तयार करून सभेपुढें वाचावें. थकबाकी, येणें व्याज, शिल्लक साठा, उत्पन्न, नफा यांपैकीं प्रत्येकांत काय धरलें व काय वगळलें हें त्यांत दोन ओळींत लिहावें. प्रत्येक संख्येजवळ एकक, आणि प्रत्येक बाकीजवळ तारीख असावी. पोतें लिहिलें तर तें किती किलोंचें तें लिहावें. युरियाच्या पोत्याचेंच वजन पूर्वीं ५० किलो असे, तें पुढें ४५ किलो झालें, म्हणून केवळ पोतीं मोजून जुना-नवा साठा ताडून पाहतां येणार नाहीं. एखाद्या शब्दाचा अर्थ बदलणें भाग पडल्यास जुना खोडून टाकूं नये. अमुक तारखेपासून नवा, अशी टीप ठेवावी. शेवटीं, दप्तर यंत्रांत गेल्यावर प्रत्येक सभासदानें आपल्या खात्याचा उतारा मागून घ्यावा व त्यांतील प्रत्येक आकडा कशाचा आहे हें विचारावें. ज्या आकड्याचा अर्थ सांगतां येत नाहीं त्यावर सही करूं नये.

घरच्या वहींतही हाच नियम पाळण्यास कांहीं खर्च पडत नाहीं. ‘मजुरी ६,०००’ याऐवजीं कोणत्या शेताची, कोणत्या पिकाची, कोणत्या कामाची आणि किती दिवसांची, एवढें लिहिलें म्हणजे वर्षअखेर कोणतें पीक पोसतें व कोणतें बुडवितें हें त्याच वहींतून कळून येईल. शेतकऱ्याचे आकडे आजपर्यंत बहुधा दुसऱ्यांनींच वाचले आणि त्यांचा अर्थही दुसऱ्यांनींच लाविला. तो अर्थ आपल्या हातानें लिहून ठेवण्याची ही वेळ आहे.