बांधावरचा टाकळा

मृगाच्या दोन-चार सरी कोसळल्या, की डोळखांबपासून आजोबा डोंगराच्या पायथ्यापर्यंत बांधाबांधांवर टाकळा तरारून वर येतो. पानाला दलांच्या दोन-तीन जोड्या, त्याही सांज झाली की मिटणाऱ्या. कोवळे शेंडे खुडायचे, निवडून धुवायचे आणि कांदा-लसणाच्या फोडणीत भिजवलेल्या डाळीबरोबर शिजवायचे. हाच टाकळा वरकसातल्या नाचणीत शिरला, की बेणणीत मुळासकट उपटला जातो. तण ही काही वनस्पतीची जात नव्हे. नको तिथे, नको तेव्हा उगवल्याबद्दल तिला घातलेली शिवी आहे.

शिवी बाजूला ठेवली, तर हिशेब वेगळा दिसतो. ठाकूर, कातकरी, महादेव कोळ्यांच्या कित्येक घरांत आषाढ-श्रावणात कणगीने तळ गाठलेला असतो आणि नवं भात दिवाळीच्या तोंडावर येतं. मधल्या ओढीच्या दिवसांत टाकळा, कुरडू, फोडशी ताटात येतात. बियाण्याचा खर्च नाही, खताचा नाही. उरलेली भाजी वाटे लावून बाजारात खपते. पिवळी छोटी फुलपाखरं टाकळ्यावर अंडी घालतात, अळ्या त्याच पानांवर पोसतात. मुसळधार पावसात बांधाची माती धरून ठेवण्याचं कामही या बिनबोलावल्या झाडोऱ्याकडेच असतं. गंमत म्हणजे, १९५०च्या दशकात पुण्यात नजरेस आलेल्या आणि पुढे देशभर पसरलेल्या गाजर गवतालाही दाट माजलेला टाकळा दाबून टाकतो.

शेतकरी म्हणेल, कौतुकाने पोट भरत नाही. खरं आहे. लावणीनंतरचे ३० ते ४५ दिवस भात आणि तण यांची खरी झुंज असते. तेव्हा हयगय केली तर उतारा घटतो. शेंगा येतात म्हणून टाकळा हवेतला नत्र जमिनीत साठवतो, असा दावाही करू नये. त्याच्या मुळांवर तशा गाठी नसतात. आणि त्याचाच भाऊबंद असलेल्या रानटाकळ्याच्या बिया मुलांच्या जिवावर बेततात, तेव्हा ओळख पक्की नसेल तर खुडूच नये. पण हे सारे आक्षेप खाचरापुरते किंवा अनोळखी पानापुरते आहेत, बांधापुरते नाहीत. बेणणीला माणूस मिळत नाही म्हणून तणनाशक आणणाऱ्याला दोष देणं सोपं आहे, आणि अन्यायाचंही. मात्र फवाऱ्याचं तोंड खाचरातच राहू द्यावं: सकाळी बांधावर भाजी खुडायला येणारीला आदल्या दिवशी पानावर काय पडलं, ते दिसत नाही.